खोड ठाऊक असताना

बीड जिल्ह्यात जुनी जीप ही हौसेची वस्तू नव्हे. ज्या जिल्ह्याच्या मुख्य शहरात आगगाडी यायला १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला, तिथल्या माणसांनी इतकी वर्षे जायचे-यायचे कसे केले, याचे उत्तर एस.टी. आणि जीप या दोन शब्दांत देता येते. त्यातही एस.टी. डांबराचा रस्ता सोडीत नाही. गेवराई-माजलगावच्या बाजूची काळी जमीन पहिल्या दोन पावसांतच चाक धरून ठेवते आणि पाटोदा-आष्टीकडे बालाघाटाच्या माथ्यावर वस्तीकडे जाणारी वाट म्हणजे पुष्कळदा ओढ्याचे कोरडे पात्रच असते. अशा ठिकाणी चारही चाके इंजिनाच्या जोरावर फिरणारी गाडी लागते. नवी घेण्याची ऐपत नसते. मग कुठल्याशा लिलावात निघालेली, वीस-पंचवीस वर्षे वापरलेली जीप दारात येते आणि ती आल्याच्या दुसऱ्या दिवशी घरातल्या कुणाच्या तरी हाती पाना येतो.

या घरगुती दुरुस्तीविषयी आम्ही येथे लिहीत आहोत. पण ती कशी करावी हे सांगण्याकरिता नव्हे. ते काम आमच्याहून चांगले करणारे हात गावोगावी आहेत. आम्हांला पडलेला प्रश्न निराळा आहे. जी वस्तू आपण स्वतः उघडली, जिच्यातला दोष आपल्या डोळ्यांनी पाहिला, तिच्यात दुसऱ्याला बसवण्याचा अधिकार आपल्याकडे कितपत उरतो?

मुळात ही गाडी घरी उघडता येते हेच नवल. जीपचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. रणांगणावर, चिखलात, मोजक्या हत्यारांनी सैनिकाला ती पुन्हा चालती करता यावी, हा तिच्या बांधणीतला एक मुख्य हेतू होता. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला अमेरिकेतल्या विलिस जीपचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली आणि पुढे ती गाडी इथलीच झाली. नंतर त्याच कंपनीच्या ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन जीपमध्ये बसू लागले, तेव्हा तर खेड्यातला ट्रॅक्टरचा मिस्त्री आपोआप जीपचाही मिस्त्री झाला. शिडीसारखी साधी चासी, खाली पाटे, वर पत्र्याची पेटी. बॉनेट उघडले की आत काय चालले आहे हे शाळा अर्धवट सोडलेल्या मुलालाही हात लावून कळावे, इतके ते यंत्र मोकळ्या मनाचे आहे. आजच्या गाड्यांत डिझेल संगणकाच्या हुकुमाने फवारले जाते. तिथे मालकाला दिसते ते काचेवर लागलेले एक पिवळे चिन्ह, आणि त्याचा अर्थ विचारायला शहरात जावे लागते. ग्राहकाला आपली वस्तू दुरुस्त करण्याचा हक्क असावा म्हणून केंद्र शासनाने २०२२ साली काही पाऊल उचलले, हे चांगलेच झाले. पण जिथे तो हक्क कुणी न देताच हाती होता, त्या जुन्या जीपच्या मालकाला हक्काबरोबर आणखीही एक गोष्ट मिळाली होती, आणि ती म्हणजे माहिती.

माहिती ही सुखाची गोष्ट असतेच असे नाही. मिस्त्रीकडे गाडी टाकणारा गृहस्थ घरी येऊन स्वस्थ झोपतो. उद्या काही झाले तर ‘मिस्त्रीने ठीक आहे म्हणून सांगितले होते’ असे म्हणायला तो मोकळा असतो. ज्याने स्वतः चाक काढून ड्रम उघडला, लायनर रिबिटांपर्यंत झिजलेले पाहिले आणि ‘अजून महिनाभर चालेल’ असे मनाशी म्हणत ड्रम पुन्हा बसवला, त्याला हे वाक्य उपलब्ध नाही. ते महिनाभराचे आश्वासन त्याने स्वतःलाच दिले आहे, आणि गाडीत बसणाऱ्यांना ते कुणी विचारलेले नाही.

येथे काटकसरीविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण या विषयावर बोलताना सुस्थितीतली माणसे फार लवकर न्यायासनावर चढतात. ज्याच्या पिकाला सलग दोन वर्षे पाऊस मिळाला नाही, त्याने पाट्याच्या कानात कंपनीच्या बुशाऐवजी जुन्या टायरचा तुकडा कापून बसवला, तर त्यात त्याचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. गाडी थोडी खडखडेल, पाठीला हादरे बसतील. रेडिएटरची गळती साबणाने तात्पुरती बुजवली, डिझेलची नळी सायकलच्या ट्यूबने गुंडाळली, दार दोरीने बांधले, सायलेन्सर तारेने लोंबता ठेवला, तर फार तर गाडी वाटेत बंद पडेल. बंद पडलेल्या गाडीतले लोक उतरून चालू लागतात. आमच्या भागातल्या माणसाला त्याची सवय आहे आणि त्यावर हसण्याचीही.

परंतु गाडी चालवणारे भाग वेगळे आणि गाडी थांबवणारे व वळवणारे भाग वेगळे. पहिल्यांत युक्ती चालते. दुसऱ्यांत केलेली युक्ती ज्या दिवशी फसते, त्या दिवशी उतरून चालायला कुणी शिल्लक असेलच असे नाही. सुकाणूचा दांडा पुढच्या चाकाला जिथे जोडलेला असतो, तिथे एक खाचांचा नट असतो आणि तो फिरून सुटू नये म्हणून त्यातून एक दुपाखी पिन घातलेली असते. तिला स्प्लिट पिन म्हणतात. ती एकदा काढली की वाकवलेली टोके पुन्हा सरळ करून वापरू नयेत, नवी घालावी, असा नियम आहे. पिन क्षुल्लक किमतीची. पण नेमकी काम करताना ती घरात नसते, दुकान तालुक्याला, आणि समोर कुंपणाला बांधण्याची तार पडलेली असते. तारेचे दोन वेढे घातले की नट जागेवर राहतो. दिसायलाही ठीक दिसते. तार मऊ असते, तिला घासायला किती आठवडे लागतील हे कुणालाच सांगता येत नाही. आम्ही ज्या प्रश्नाविषयी लिहीत आहोत तो सगळा त्या दोन वेढ्यांत आहे. तिथे वाकून पाहणारा दुसरा कुणी नाही, आणि ज्याने तार गुंडाळली त्याच्याच घरचे लोक बहुधा पहिल्या बाकावर बसणार आहेत.

ब्रेकचेही तसेच आहे. जुन्या जीपमध्ये चारही चाकांना तेल पोहोचवणारा मास्टर सिलिंडर एकच असे आणि त्याचा मार्गही एकच; एका चाकापाशी नळी फुटली तर चारही चाकांचा ब्रेक जातो. पुढे दोन स्वतंत्र मार्गांचे सिलिंडर आले, ते यासाठीच. त्या सिलिंडरातली रबरे एका विशिष्ट तेलासाठी बनवलेली असतात, ज्याला आपण सरसकट ब्रेक ऑइल म्हणतो. डबा रिकामा असला की कुणीतरी इंजिनाचे थोडे तेल त्यात ओतते. तेल ते तेल! त्या दिवशी ब्रेक लागतोही. मग रबरे फुगतात, मऊ पडतात आणि अडकू लागतात. ओतणारा ते विसरून गेलेला असतो. हवा काढण्याचे कामही एकट्याने धड होत नाही. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाशी निप्पल सैल करून बुडबुडे संपेपर्यंत थांबायचे. घरोघरी पेडलवर बसवली जाते ती बायको किंवा शाळेतून आलेला मुलगा. ‘दाब... सोड... दाब’ अशी ती हाक शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाते. त्या अर्ध्या तासात मुलाच्या पायाला जे कळते ते पुस्तकात नाही: पाय तसाच दाबून धरला असता पेडल हळूहळू खाली बसत गेले, तर बाहेर थेंबभरही तेल दिसत नसले तरी मास्टर सिलिंडरचे रबर आतून हार मानत आहे.

आता कुणी म्हणेल, मग न उघडलेलेच बरे. जे पाहिले नाही त्याचा दोष नाही. हा युक्तिवाद फार जुना आहे, आणि त्याचे उत्तरही तितकेच जुने आहे. बायबलमधील निर्गम या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाविषयी कायदा आहे. बैलाने माणसाला मारले तर बैल ठार करावा, पण मालक निर्दोष समजावा. मात्र तो बैल आधीपासूनच मारका असेल, मालकाला तशी सूचना दिलेली असेल आणि तरीही त्याने त्याला बांधून ठेवले नसेल, तर दोष मालकावर येतो, आणि तोही प्राणाच्या मोलाचा. बैल तोच, शिंगही तेच, मेलेला माणूसही तसाच मेलेला. फरक पडला तो फक्त ‘ठाऊक होते’ या दोन शब्दांनी. बैलांच्या आमच्या जिल्ह्यात हा कायदा कुणाला समजावून सांगावा लागणार नाही.

पण ठाऊक करून घ्यायचेच नाही असे ठरवणाऱ्याचे काय? तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनस यांनी अज्ञानाचे प्रकार पाडले आहेत. एक, जे प्रयत्न करूनही दूर होत नाही. त्याचा दोष नाही. दुसरे, जे थोड्या कष्टाने दूर झाले असते. त्याचा दोष आहे. आणि एक असे, की जे माणूस मुद्दाम पत्करतो, आपल्याला हवे तसे वागायची मोकळीक राहावी म्हणून; ते दोष कमी करीत नाही. गंमत अशी की आपला मोटार वाहन कायदा, १९८८, याच वाटेने गेला आहे. त्याच्या १९० व्या कलमात धोकादायक दोष असलेली गाडी रस्त्यावर आणणाऱ्याला दोषी धरताना दोष त्याला ठाऊक असणे किंवा साध्या काळजीने त्याच्या लक्षात येऊ शकणे, ही दोन्ही सारखीच मानली आहेत. मध्ययुगीन धर्मपंडित आणि दिल्लीतले कायदेपंडित एकमेकांना न विचारता एकाच जागी पोहोचतात, तेव्हा त्या जागेत काही तथ्य असावे. ड्रम न उघडणारा मालक सुटत नाही. उघडणारा निदान स्वतःशी प्रामाणिक राहण्याच्या वाटेला लागतो, एवढाच फरक.

आता खरी अवघड जागा. दिवाळी झाली की या जिल्ह्यातली तरणी माणसे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात, नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखाने बंद होईपर्यंत ती परतत नाहीत. मागे वस्तीवर म्हातारी माणसे, मुले आणि एखादी दिवस भरत आलेली सून. समजा, मध्यरात्री तिला कळा सुरू झाल्या. २०१४ सालापासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यभर आहे, आणि तिने किती जीव वाचवले याचा विसर पडू नये. पण त्या रात्री ती दुसरीकडे गेलेली आहे किंवा डोंगराच्या कुशीत फोनच लागत नाही. वस्तीवर एकच जीप. तिच्या मालकाला ठाऊक आहे की पेडल खाली बसते. रबराचे किट आणायचे राहिले आहे. आणि दवाखान्याच्या वाटेवर धारूरचा घाट आहे, ज्याच्या अरुंद वळणांनी पुष्कळ गाड्या गिळल्या आहेत.

त्याने नाही म्हणावे काय? मारका बैल बांधून ठेवावा, हे खरे. पण इथे बैल बांधून ठेवला तरी माणूस मरू शकतो, आणि नकार देऊन दार लावून घेणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात असे आम्हांला वाटत नाही. मग मुकाट्याने न्यावे? तेही नव्हे. ज्याने ही गाडी आपल्या हाताने उघडली आहे, त्याला येथे एक गोष्ट कळते जी इतरांना कळत नाही. या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांतल्या ब्रेकशी जोडलेला नसतो. गिअरबॉक्सच्या मागे, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर त्याचा वेगळा ड्रम असतो. तेल संपले तरी तो धरतो. शिवाय चारही चाकांचा हलका गिअर टाकला की इंजिनच गाडीला आवरून धरते आणि ती चालत्या माणसाच्या वेगाने उतार उतरते. कोरड्या डांबरावर तसे चालवणे टायरांना आणि दात्यांना मानवत नाही, पण त्या रात्री तो हिशेब कुणी करीत नसतो. म्हणजे दोष ठाऊक असणे केवळ मनाई करीत नाही. काय केले असता जाता येईल हेही तेच सांगते. आणि एक गोष्ट मागते. निघण्यापूर्वी त्याने सांगितले पाहिजे. ‘मावशी, ब्रेक भरवशाचा नाही. घाट पायी चालल्यागत उतरीन, उशीर होईल. चालंल का?’ कळा देणारी बाई उत्तर द्यायच्या स्थितीत नसते. तिची सासू देईल. ती बहुधा चल म्हणेल. पण ते तिने म्हटलेले असेल.

आमचा आक्षेप त्या रात्रीवर नाहीच. तो आहे दुसऱ्या दिवसाच्या सकाळवर. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, वस्तीवर त्याचे नाव झाले आहे, आणि आठवडी बाजारासाठी दहा माणसे जीपपाशी येऊन उभी आहेत. पेडल कालच्याइतकेच खाली बसते. रात्री काही झाले नाही, आता तर दिवस आहे! संकटात घेतलेली मुभा अशी हळूच सवलत होते आणि सवलतीची रीत होते. किटाची किंमत हे येथे कारण नसतेच. कारण असते ते गाडी एक दिवस उभी ठेवण्याचे, बाजाराच्या दिवसाचे भाडे बुडण्याचे. तो एक दिवस फार महाग असतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण दहा माणसांना रात्रीची ती सूचना कुणी देत नाही, आणि दिली असती तर त्यांतली किती जणे बसली असती?

जाता जाता गाडीखाली झोपणाऱ्यांविषयी. दुसऱ्याच्या जिवाची काळजी करणारा माणूस स्वतःच्या बाबतीत कमालीचा बेफिकीर असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या जीपखाली शिरू नये, जॅक घसरतो. खाली विटा लावू नयेत, त्या भाराने अचानक फुटतात. लाकडाचे ओंडके लावावेत. ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या लायनरांत अस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसात गेले की परत येत नाही. रस्त्याकडेच्या गॅरेजांत हीच धूळ फुंकणारे बारके पोर आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच्या हातून स्वस्तात काम करून घेण्यापेक्षा स्वतःचे हात काळे केलेले कधीही चांगले. आणि काढलेले काळे तेल ओढ्यात ओतू नये, एवढे तरी या पाण्याला पारख्या मुलखात सांगावे लागू नये.

घरगुती दुरुस्तीला एक मर्यादाही आहे. जुन्या कापडाला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये, ते जुन्याला फाडते, हा शुभवर्तमानातला दृष्टांत आपण मिसामध्ये अनेकदा ऐकतो. जुन्या जीपमध्ये तो शब्दशः खरा ठरतो. नवी कडक क्लच प्लेट घातली की तोवर सांभाळून चालणारे झिजलेले दाते कुरकुरू लागतात. ते बदलले की मागचा क्रॉस तुटतो. सर्वांच्या शेवटी पाळी येते चासीची. पाट्याच्या कानाजवळ तिला तडा जातो, वेल्डिंग होते, आणि काही महिन्यांनी वेल्डिंगच्या शेजारी नवा तडा दिसतो.

असा तडा दिसला की पुष्कळजण गाडी विकायला काढतात. कायद्याने खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षे वाढवून मिळते, त्यामुळे कागद पुष्कळदा ठीक असतात. तडा रंगाखाली झाकता येतो. गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा घातला की त्याचा आवाज काही दिवस दबतो, ही युक्ती जुन्या गाड्यांच्या व्यवहारात सर्वांना ठाऊक आहे. नेकनूरच्या बाजारात बैल विकणारा त्याची खोड सांगतो की नाही, हे विकणाऱ्यावर अवलंबून असते. पण खोड लपवून विकणाऱ्याचे नाव पुढच्या बाजारापर्यंत टिकते, कारण बैल घेणारा आणि देणारा पुन्हा तिथेच भेटतात. जीप मात्र दुसऱ्या जिल्ह्यात निघून जाते. तिथे शरमेचा तो धाक उरत नाही, आणि माणसाचे स्वतःशी काय नाते आहे ते कळते.

आणि सांगून विकली, तरी सगळे मिटते काय? आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी घ्यायला आलेल्या तरुणाला चासीखाली नेऊन तडा दाखवला. तरुण म्हणाला, ‘काका, चालतंय. मला शिटा भरायला पायजे.’ त्याने किंमतही फारशी पाडून मागितली नाही. व्यवहार दोघांत झाला असता आणि तो खराही झाला असता. पण ज्या शिटा भरायच्या होत्या त्यांना कुणी चासीखाली नेणार नव्हते. गृहस्थांनी दोन दिवस मागून घेतले. घरात मुलीच्या शिक्षणाचा खर्च उभा होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या तरुणाला नाही म्हणून कळवले. इंजिन आणि गिअरबॉक्स एका मिस्त्रीने सुट्या भागांसाठी नेले, चासी गॅसने कापून भंगारात किलोवर गेली आणि नोंदणीचे पुस्तक आर.टी.ओ. कचेरीत परत केले. सगळे मिळून जे हाती आले ते त्या तरुणाच्या बोलीच्या निम्म्यानेही भरले नाही. त्यांचा धाकटा भाऊ अजूनही जेवताना म्हणतो, की दादाने पैसे मातीत घातले. हिशेबाने पाहता तो खोटे बोलत नाही, आणि दादाही त्याला उलट उत्तर देत नाहीत.